‘शुध्द’चे दोन गुण

खेळ मी शोधून काढला होता, मुलांनी नाही. हे आधी नोंदवते.

मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर एकोणीस वर्षे काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेले तपासणे आणि दुरुस्त करणे हे माझे काम. मुलगी वाचायला लागली तेव्हा बाजारात जाता-येता तिला गुंतवून ठेवण्यासाठी मी हा खेळ सुरू केला. दुकानाच्या पाटीवरची चूक जो आधी दाखवेल त्याला एक गुण. ‘हार्दीक’ दिसले, एक गुण. ‘आशिर्वाद’ दिसले, एक गुण. ‘शुध्द’ दिसले तर दोन. त्या शब्दात अर्धा द आधी येतो आणि पूर्ण ध नंतर. शाकाहारी जेवणाच्या पाट्यांवर बहुतेक वेळा हे उलट असते. शुद्ध हा शब्दच लोक अशुद्ध लिहितात, असे मी पहिल्यांदा सांगितले तेव्हा मुलगी पोट धरून हसली होती. मला ते आवडले होते.

मुलगा तिच्याहून अडीच वर्षांनी लहान. त्याला जोडाक्षरे येत नव्हती, त्यामुळे तो सारखा हरायचा आणि रडायचा. मग मी त्याच्यासाठी एक नियम वाढवला. कानाने ऐकलेली चूकही धरायची. भाजीवाल्या बाई, सोसायटीचे रखवालदार, रिक्षावाले, कोणीही. मुलाचे कान तिखट आहेत. दोन आठवड्यांत तो बहिणीच्या पुढे गेला. माझे पती विदर्भातले. ते ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिलो’ असे बोलतात. ते गाडी चालवतात म्हणून त्यांचे धरायचे नाही, असाही एक नियम होता.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नागपूरहून सोनईजवळच्या माझ्या माहेरगावी निघालो. भावकीचा मेळावा होता. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेपाच वर्षांचा. पहाटे निघून दिवस मावळायच्या आत पोहोचायचे, असे ठरले होते.

द्रुतगती मार्गावर वाचायला काही नसते. कुंपण, किलोमीटरचे आकडे आणि दोन्हीकडे शेते. मुलगा दोनदा ओकला. मुलीने मागच्या सीटच्या मधोमध माझी ओढणी अंथरून हद्द ठरवली आणि त्याचा पाय हद्दीत आला की ती किंचाळायची. संभाजीनगरजवळ आम्ही तो रस्ता सोडून जुन्या नगर रस्त्याला लागलो. पाट्या सुरू झाल्या आणि भांडण थांबले.

‘पंचर काढून मिळेल.’ एक. ‘शितपेये.’ एक. गोदावरीवरचा पूल ओलांडून आम्ही माझ्या जिल्ह्यात शिरलो. पुढे एका ढाब्यावर ‘शुध्द’ दोनदा लिहिलेले होते, एकदा दर्शनी भागावर आणि एकदा बाजूच्या भिंतीवर. त्याचे चार गुण झाले. काही पाट्यांवर अहिल्यानगर होते, काहींवर अजून अहमदनगर. मुलीने विचारले, ‘‘ही चूक धरायची का?’’

‘‘नाही. नाव बदललंय. जुनं म्हणजे चूक नाही.’’

हे वाक्य मी त्या दिवशी उच्चारले होते.

उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे होते आणि आम्ही त्यांच्या मागे सरकत होतो. तेवढ्यात आत्याचा फोन आला. सकाळपासूनचा पाचवा. गाडीच्या स्पीकरवर तिचा आवाज नेहमीच जास्त मोठा येतो.

‘‘कुठवर आलाय गं?’’

‘‘पूल ओलांडला आत्या. तासाभरात येतो.’’

‘‘पोरं जेवली का? बारक्याला गाडी लागती म्हनलीस. लिंबू हुंगाय दे त्याला. पानी लई पाजू नगं. आमी हितं वाट बघतोय.’’

मागून कुजबुज ऐकू आली. ‘‘पानी, एक. आमी, दोन. लई, तीन.’’

‘‘लई ही चूक नाही,’’ मुलगी म्हणाली.

‘‘आहे. आई, लई चूक आहे ना?’’

मी मान डोलावली. वर हसले. हुंगाय, म्हनलीस, नगं आणि हितं हे त्याच्या कानातून सुटले होते. तेही मी बोटे वर करून त्याला दाखवले. पतींनी वळून माझ्याकडे पाहिले. ‘‘काय करून राहिली तू? तिले ऐकू जाईल ना.’’

फोन अजून चालू होता. ‘‘काय म्हनत्यात जावई?’’ आत्याने विचारले.

‘‘काही नाही. ट्रॅक्टर आहे पुढं.’’

ही आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. वडिलांची नोकरी बदलीची होती, म्हणून पहिली ते सातवी मी तिच्याजवळ वाढले. ती चौथीपर्यंत शिकली आहे. ओळीखाली बोट धरून वाचते. संध्याकाळी ती भाकरी थापायची आणि मी चुलीसमोर बसून धडा मोठ्याने वाचायचा, असा नेम होता. मी अडखळले तरी ती तपासत नसे. धडा संपला की म्हणायची, ‘‘लई झ्याक.’’ मीही तेव्हा तसेच बोलत होते. पाणी मला पानीच वाटायचे. कॉलेज पुण्यात झाले, तिथे निम्मे गेले. उरलेले डेस्कवर गेले. पहिल्या आठवड्यात मी वरिष्ठांना ‘पानी आणू का’ असे विचारले होते. त्यानंतर सहा महिने तिथे माझे नाव ‘पानी’ होते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. या अनुभवातून कुणाला नेमके काय दुखते ते मला माहीत होते, एवढ्यासाठी सांगते.

मेळावा माझ्या चुलतभावाने भरवला होता. भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप तोच चालवतो. त्याने वंशावळीचा मोठा फ्लेक्स करून घेतला होता. वडाचे झाड, खोडावर मूळ पुरुष आणि फांद्याफांद्यांवर पुढचे. फोटो ग्रुपवर आला तेव्हा आत्याने शेजारच्या मुलीकडून तो पूर्ण वाचून घेतला आणि चुलतभावाला फोन लावला. तो फोन त्याने मला नंतर हसत हसत सांगितला.

‘‘का रं, वडाचं झाड काढलंय म्हनं. आमी कंच्या फांदीवर?’’

‘‘आत्या, झाडावर समदे पुरुषच हायेत. पोरी लगीन होऊन जात्यात ना.’’

‘‘मी तर परत आले. मंग मी पारंबी हाय का?’’

फ्लेक्स छापून झाला होता. शेवटी तडजोड झाली. मेळाव्यात आत्या दहा मिनिटे माईकवर बोलेल आणि घराण्यातल्या लेकी-सुनांची नावे सांगेल. मी ती लिहून घेईन. पुढच्या वेळी पुस्तिका निघेल, तिच्यात ती छापली जातील. ही नावे कुठल्याही कागदावर नव्हती. सात-बाऱ्यावर नव्हती, शाळेच्या दाखल्यांवर नव्हती. तिच्या आजीने तिला सांगितलेली, तिच्या डोक्यात होती. तिचे वय शहात्तर. महिनाभर ती मला फोनवर म्हणत होती, ‘‘तू लिव्हून घे माय, मी सांगते. माझ्यामागं कुनाला ठावं न्हाई.’’

आम्ही पोहोचलो तेव्हा ती ओट्यावर उभी होती. तिने मुलांना उंबऱ्याबाहेर थांबवले, भाकरीचा तुकडा आणि पाणी त्यांच्यावरून ओवाळून टाकले, मगच आत घेतले. मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, ‘‘किती वाळलंय गं हे. काय खायला घालतीस का न्हाई?’’ मुलाने माझ्याकडे पाहून एक बोट वर केले. मी डोळे वटारले. त्याने बोट खाली घेतले. खेळ बंद असे मी बोलून मात्र दाखवले नाही.

चहा झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. ‘‘आत्ताच सांगू का नावं? वही हाय का?’’

मी मोबाईलवर एका सहकाऱ्याची बातमी पाहत होते. ‘‘उद्या माईकवर सांगणारच आहेस ना. तेव्हाच लिहिते. दोनदा कशाला?’’

‘‘व्हय, ते बी खरं.’’ मग म्हणाली, ‘‘माझं बोलनं चालंल का गं? समदी शिकलेली येनार.’’

‘‘तू तुझ्यासारखं बोल,’’ मी म्हणाले. ते मी मनापासून म्हणाले होते. त्याच दुपारी तिच्या एका फोनवर मी मुलाला सात गुण दिले होते.

दुसऱ्या दिवशी मळ्यात मांडव होता. दीडशेच्या आसपास माणसे असतील. मुले पुढे सतरंजीवर, बाया उजवीकडे, पुरुष डावीकडे खुर्च्यांवर. जेवणाआधी कार्यक्रम. चुलतभावाने स्वागत केले, दोन-तीन वडीलधारे बोलले, कुणीतरी गावाची शाळा कशी झाली ते सांगितले. मग आत्या उठली. तिने ठेवणीतले हिरवे नऊवारी लुगडे नेसले होते. ती ते नेसत असताना मी बायांच्या खोलीत पाहिले होते, पदर तीनदा सोडून तिने पुन्हा घेतला होता. माईक तिने पाण्याच्या तांब्यासारखा दोन्ही हातांनी धरला.

मी वही उघडली.

सुरुवात तिने फार चांगली केली. ‘‘हितं झाड लावलंय, ते ब्येस हाय. पन झाडाला पानी कुनी घातलं ते म्या सांगते.’’ बाया हसल्या, कुणीतरी टाळी वाजवली. मग एकेक नाव आणि त्या बाईची एक गोष्ट. पणजोबांच्या तिन्ही बहिणी. थोरली राहुरीकडे दिलेली, ओव्या रचणारी. मधली आठ दिवसांत परत आली आणि पुन्हा धाडली गेली, पुन्हा आली, पुन्हा धाडली गेली. धाकटीला लग्नाआधीच ताप आला. आत्या कुठेही अडखळत नव्हती. मी आजवर पुष्कळ भाषणांच्या नोंदी घेतल्या आहेत. तिच्या भाषणात मला एकही वाक्य गाळावे लागले नाही.

तिचे चौथे नाव तिच्या आजीचे. ‘‘मळ्यातल्या इहिरीची माती तिनं डोईवर वाहिली. पोटुशी हुती. अन् इहिरीला पानी लागलं तवा पयली घागर—’’

‘‘अकरा!’’ मुलगा ओरडला.

मांडवात तेव्हा शांतता होती, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेले. मुलगी त्याच्या शेजारी होती, तिने त्याचे तोंड दाबले. तिच्या दुसऱ्या हाताची बोटे मोजण्यासाठी उघडलेली मला इथून दिसत होती.

चुलतभाऊ हौशी माणूस. दुसरा माईक घेऊन तो मुलापाशी गेला. ‘‘काय मोजतोय रं बाळा? सांग समद्यांला.’’

मुलगा उभा राहिला. त्याला माईक आवडतो. ‘‘आजीच्या चुका. अकरा झाल्या. आईचा खेळ आहे.’’

लोक हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलावर हसतात तसे हसले. पुरुषांतून कुणीतरी म्हणाले, ‘‘आत्याबाई, परीक्षा चाललीया तुमची!’’ आणखी कुणी म्हणाले, ‘‘पेपरवालीची पोरं हायेत ती, सोडायची न्हाईत!’’ आत्याही हसली. ‘‘कंच्या चुका रं माझ्या राजा?’’

मुलाने तिला समजावून सांगितले. तो उद्धटपणे बोलला नाही. मी त्याला जसे समजावून सांगते, तसेच त्याने तिला सांगितले. ‘‘पानी नाही म्हणायचं, पाणी. हुती नाही, होती. इहीर नाही, विहीर.’’

‘‘पा-णी,’’ आत्या माईकवर म्हणाली. पुन्हा हशा झाला.

चुलतभाऊ म्हणाला, ‘‘बोला आत्या, बोला पुढं.’’

तिने पदर सारखा केला. ‘‘तर विहिरीला,’’ ती म्हणाली. थांबली. ‘‘पाणी लागलं होतं. तवा. तेव्हा. पयली—’’ आणि तिने मुलाकडे पाहिले. तो पंचासारखा लक्ष देऊन ऐकत होता. त्याने हळूच सांगितले, ‘‘पहिली.’’ ती म्हणाली, ‘‘पहिली.’’ मग तिने माझ्याकडे पाहिले.

त्या क्षणी मी काय करत होते ते नीट आठवते. मी हसत होते. आजूबाजूच्या बाया माझ्याकडे वळून हसत होत्या आणि मी त्यांना प्रतिसाद म्हणून, लेकराचा खोडकरपणा अशा अर्थाने, मान हलवत हसत होते. मी उठू शकले असते. ‘आत्या, तुझ्या बोलण्यात चूक नाही, चूक माझी आहे,’ एवढे एक वाक्य पुरले असते आणि वाक्ये करणे हा माझा धंदा आहे. मी उठले नाही. कारण एवढेच की त्या दीडशे माणसांपुढे त्या खेळाची मालकी मला स्वीकारायची नव्हती. मुलाने ‘आईचा खेळ’ म्हटले होते, पण ते कुणी मनावर घेतले नव्हते. ते तसेच राहावे असे मला वाटत होते.

आत्या म्हणाली, ‘‘बाकीची नावं हिला ठाऊक आहेत. हिला लिहिता येतं.’’ माईक चुलतभावाच्या हातात दिला आणि ती बायांमध्ये जाऊन बसली. तिच्या दहा मिनिटांतली तीनच झाली असतील. बाकीची नावे मला ठाऊक नव्हती. तिलाही ते माहीत होते. चुलतभावाने जेवणाची घोषणा केली.

पंगतीत ती वाढायला उभी राहिली, उपसरपंचाच्या बायकोशी हसून बोलली. मी तिला भांड्यांपाशी गाठले. वही हातातच होती.

‘‘आत्या, पुढची नावं सांग. आत्ता लिहून घेते.’’

‘‘असू दे आता. लोक जेवायचे आहेत.’’

‘आहेत’ तिने पूर्ण उच्चारले होते. मी तिचे हात धरले. ‘‘मुलांचं ऐकू नकोस गं. त्यांना काय कळतं.’’

‘‘त्यांचं काही चुकलं नाही,’’ ती म्हणाली. हात सोडवून घेऊन तिने वरणाची बादली उचलली.

मुलीला मी मांडवाच्या मागे नेऊन रागावले. ती म्हणाली, ‘‘मी ओरडले नाही. मी मनात मोजत होते.’’ मग रडवेली होऊन म्हणाली, ‘‘तू हसत होतीस.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आत्याने भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि मुलासाठी दोन लिंबे फडक्यात बांधून दिली. मुलाला विचारले, ‘‘पाणी घेतलंस का बाटलीत?’’ ण बरोबर होता. त्यासाठी तिला जीभ मागे न्यावी लागली, ते दिसले. मुलगा खूश होऊन म्हणाला, ‘‘आजी, बरोबर!’’ तिने त्याच्या गालावरून हात फिरवला.

खेळ बंद झाला, असे मी गाडीत बसल्यावर सांगितले. का, ते मुलाने विचारले. मी सांगितले नाही. ढाबा आला. त्या दोन्ही पाट्या आल्या आणि मागे गेल्या, मुलगा सवयीने ‘‘शु—’’ म्हणाला आणि गप्प झाला.

पूल ओलांडत होतो तेव्हा आत्याचा फोन आला. त्या दिवसातला तो एकच.

‘‘कुठे आहात?’’

‘‘पुलावर आहोत, आत्या.’’

‘‘बरं. मुलं ठीक आहेत ना? पोहोचल्यावर कळवा. ठेवते.’’

लिंबू हुंगायला द्यायचे तिने सांगितले नाही. मागच्या सीटवर मुलगी हलक्या आवाजात, स्वतःशी बोलावे तशी म्हणाली, ‘‘एकपण नाही.’’

चुलतभावाने पुस्तिकेसाठी यादी मागितली. मी चार नावे पाठवली. ‘एवढीच?’ असा त्याचा मेसेज आला. मी पाचवे नाव आत्याचे घातले. माझ्या पिढीच्या बहिणींची नावे घातली, ती मला येतात. तिच्या आजीपासून तिच्यापर्यंत किती जणी होत्या, कुठे दिल्या, कुणी काय केले, ते वहीत नाही. वहीत चौथ्या नावापुढे ‘विहीर, पोटुशी, पहिली घागर’ असे माझ्या अक्षरात आहे. तिने सांगितलेले ‘इहीर’ मी लिहितानाच दुरुस्त केले होते. तेव्हा मुलगा अजून ओरडायचा होता.

दर रविवारी मी तिला फोन करते. मुलांना बाहेर पाठवून करते. इकडचे-तिकडचे झाले की नावांचे विचारते. ती थोडी थांबते, शब्द जुळवते.

‘‘आता आठवत नाही,’’ म्हणते.